वणवा लागण्याआधी निधी: कोकणातल्या वाडीने कुठे आणि कसा मागावा

सड्यावरचं, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या कातळपठारावरचं, गवत दिवाळीनंतर पिवळं पडायला लागतं आणि शिमग्याच्या सुमारास नुसती काडी पडायची खोटी असते. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत दर उन्हाळ्यात कुठे हापूसची कलमं होरपळतात, कुठे काजूची बाग जाते, कुठे गवताची उडवी आणि तिच्याशेजारचा मांगर, म्हणजे शेतातली खोप. मग पंचनामा होतो, फोटो निघतात, आणि विम्याचं बघू म्हणून कागद काढले की कळतं की आंबा-काजूचा फळपीक विमा हवामानावर चालतो. अवेळी पाऊस, तापमान, वारा, गारपीट यांचे आकडे त्यात मोजले जातात. वणवा त्यात बसत नाही.

म्हणून हा लेख आधीच्या पैशाबद्दल आहे. वाडीतल्या चार जणांनी ठरवलंय की यंदा काहीतरी करायचं, पण सरकारी कागदाशी कधी संबंध आलेला नाही, अशांसाठी.

सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे महिनाभर नेटवर शोधत बसायला नको. केंद्राची वणवा प्रतिबंध व व्यवस्थापन योजना आहे, २०१७-१८ पासून ती चालते, आणि आपल्यासारख्या राज्यात तिचा खर्च केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के असा वाटून उचलतात. पण तो पैसा वनविभागाच्या वार्षिक आराखड्यातून खर्च होतो. वाडीने थेट अर्ज करून आपल्या खात्यात घ्यावा असा तो नाही. वाडीला जे मिळू शकतं ते सात-आठ वेगवेगळ्या खिशांतून, आणि त्या प्रत्येक खिशाला वणव्यापेक्षा आपापल्या शीर्षाची, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खात्याची, काळजी असते. एकच मोठा प्रस्ताव करून सगळीकडे फिरवलात तर सगळीकडून ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर मिळेल, आणि ते खरंही असेल. कामाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकडा ज्याचा त्याच्या दारात न्या. ही सगळी धडपड त्या तुकड्यांची आहे.

काम आधी, योजना नंतर

संध्याकाळी चार जण सड्यावर चालत जा आणि गेल्या काही वर्षांत आग कुठून आली ते बोटाने दाखवा. गावात हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुणी लिहिलेलं नसतं. रस्त्याच्या कडेला टाकलेली विडी-सिगारेट, तारा एकमेकींना लागून पडलेली ठिणगी, भाजावळीचा (पेरणीआधी शेत भाजण्याचा) विस्तव वाऱ्याने बांधापलीकडे गेलेला, शिकारीसाठी लावलेली आग, ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ म्हणून मुद्दाम टाकलेली काडी. यातलं तुमच्याकडे काय चालतं त्यावर काम ठरतं. भाजावळीचा विस्तव निसटत असेल तर टाकी बांधून उपयोग नाही. भाजणीचा दिवस ठरवून, पाणी जवळ ठेवून, पहाटे दंव असताना भाजायचं हे आधी वाडीच्या बैठकीत ठरलं पाहिजे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

वाऱ्याची दिशा विसरू नका. किनारपट्टीला दुपारनंतर वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून वर चढतो. दुपारी दोनला खालच्या रस्त्याकडेला लागलेली आग चढण आणि वारा दोन्ही सोबत घेऊन वर बागेत येते. त्यामुळे हातात पैसे थोडे असतील तर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, आधी बागेच्या आणि घरांच्या पश्चिम अंगाला काढा. मी निदान दहा-पंधरा फुटांची रुंदी धरतो, उतारावर जास्त. गवत कापून तिथेच ठेवलं तर ती जाळरेषा होत नाही, सुकलेल्या इंधनाची रांग होते. ते ओढून बाजूला न्यावं लागतं. अंदाजपत्रकात कापायची मजुरी सगळे धरतात आणि ओढायची विसरतात.

दुसरी गोष्ट बंद घरांची. चाकरमानी मंडळी गणपतीत येतात, पुन्हा शिमग्याला येतात, मधले महिने घराला कुलूप. अंगणात कमरेएवढं गवत, कौलांवर आणि पन्हळीत पातेरा. पूर्वी गुरं होती, गवताला किंमत होती, ते कापून नेलं जायचं. आता गोठेच रिकामे. वाडीतल्या अशा घरांची आणि पडीक कुणग्यांची (शेताच्या तुकड्यांची) यादी करा. हीच यादी पुढे मुंबईतल्या मंडळाकडे वर्गणी मागताना सगळ्यात जास्त कामाला येते.

या फेरीतून साधारण अशी कामं निघतील: जाळरेषा, पाण्याची टाकी किंवा शेततळं, गवत कापायची यंत्रं, पाठीवरचे फवारणी पंप, तरुणांचं प्रशिक्षण, तारांची दुरुस्ती, आणि दर वर्षीची साफसफाई. प्रत्येकासमोर जागा, लांबी किंवा संख्या, आणि अंदाजे खर्च लिहा. एक पान पुरे.

जागा कोणाची, हे सातबाऱ्यावर बघा

नवख्या मंडळींची निम्मी पायपीट इथे वाया जाते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात ज्याला आपण रान म्हणतो त्यातलं बरंचसं खासगी मालकीचं आहे. वनविभागाच्या ताब्यातलं क्षेत्र त्या मानाने थोडं. रायगडात राखीव वनाचे मोठे पट्टे आहेत, फणसाडसारखं अभयारण्यही आहे. त्यामुळे मुरुड-रोह्याकडच्या वाडीने जे वनविभागाकडे मागायचं ते देवगड-राजापूरच्या वाडीने तिथे मागून मिळणार नाही.

आग लागते त्या गटांचे सातबारे काढा. वर ‘वन’, ‘खासगी वन’, ‘महाराष्ट्र शासन’, गुरचरण, देवस्थान, की वीस सहहिस्सेदार, ते लिहून घ्या. सिंधुदुर्गात आकारीपड आणि कबुलायतदार गावकर अशा जमिनी असतील तर तिथे पक्कं बांधकाम धरूच नका. मालकीचा प्रश्न सुटेपर्यंत तुमची टाकी कागदावरच राहील. जाळरेषेला मालकी लागत नाही, लेखी संमती चालते. टाकीला मात्र ग्रामपंचायतीच्या नावाची जागा किंवा नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं. ज्या सातबाऱ्यावर निम्मी नावं मुंबईत आणि दोन वारसांचा पत्ताच नाही, त्या जागेचा मोह सोडा, मग ती कितीही सोयीची असो. शाळेजवळची किंवा गावठाणातली जागा थोडी लांब पडली तरी परवडते.

पुरावा जमवा

‘दर वर्षी वणवा लागतो’ या वाक्याला कार्यालयात वजन नसतं. वहीत एक तक्ता आखा: तारीख, वेळ, ठिकाण, गट नंबर, कारण माहीत असेल तर, किती कलमं किंवा किती गवत गेलं, पंचनामा झाला का. जुने पंचनामे तलाठ्यांकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, मागून त्यांच्या प्रती लावा.

उपग्रहाचाही आधार घेता येतो, फुकट. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था आगीचे इशारे मोबाईलवर पाठवते. तिच्या संकेतस्थळावर कुणीही नोंदणी करू शकतो. पण तिचं लक्ष मुख्यतः जंगल म्हणून गणलेल्या भागावर असतं. खासगी सड्यासाठी नासाचं ‘फर्म्स’ हे संकेतस्थळ जास्त उपयोगी. तिथे जुन्या वर्षांचे आगीचे ठिपकेही नकाशावर दिसतात आणि उतरवून घेता येतात. एक लक्षात ठेवा: यातला बारीक ठिपकासुद्धा साधारण ३७५ मीटरच्या चौकोनाचा असतो, आणि उपग्रह ठरावीक वेळेलाच वरून जातो. दुपारी दीडच्या सुमाराची आग सापडते, संध्याकाळी सहाला लागून आठला विझवलेली बहुधा सापडत नाही. म्हणून नकाशा हा तुमच्या वहीला जोड म्हणून लावायचा. दोन्ही जुळले की साहेबांना पुढे विचारायला फारसं राहत नाही.

अर्ज कोणाच्या नावाने

उत्साहात नवी संस्था काढायची घाई करू नका. संस्था नोंदणीला सात माणसं लागतात, धर्मादाय कार्यालयात फेऱ्या होतात, पुढे पॅन, बँक खातं, दर वर्षी लेखापरीक्षण. आणि एवढं करून कंपन्यांचा सीएसआर पैसा, म्हणजे त्यांनी सामाजिक कामासाठी काढलेला, लगेच मिळत नाहीच, कारण तिथे संस्थेला त्या प्रकारच्या कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव, आयकरातली १२ए आणि ८०जी नोंदणी, आणि केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ क्रमांक लागतो.

गावात जे आधीपासून आहे ते वापरा. सरकारी बांधकामासाठी ग्रामपंचायत. वनजमीन असेल तर संयुक्त वन व्यवस्थापन समिती. ती कागदावर असतेच बऱ्याच गावांत, फक्त शेवटची बैठक कधी झाली ते कुणाला आठवत नाही. यंत्रांसाठी शेतकरी स्वतः, बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी. देणगीसाठी मुंबईचं ग्रामविकास मंडळ, ज्याची नोंदणी बहुतेक वेळा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच झालेली असते आणि हिशेबही नीट असतात.

पण कुठल्याही नावाने गेलात तरी ग्रामसभेचा ठराव हवाच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या सभा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. विषय आयत्या वेळी मांडू नका, आठवडाभर आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या. आणि ठरावात ‘वणवा प्रतिबंधक उपाययोजना करणे’ असं मोघम लिहू देऊ नका. कुठली जाळरेषा, कुठल्या गटातून, किती मीटर, टाकी कुठे, हे ठरावातच आलं पाहिजे. ग्रामसेवकांना (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण हाक अजून भाऊसाहेबच) सरळ म्हणायचं, ‘भाऊसाहेब, मसुदा आम्ही लिहून आणलाय, तुम्ही फक्त बघून घ्या.’ त्यांच्यावर कामाचा डोंगर असतो. लिहून आणलेला मसुदा कुणाला नको असतो?

कुठल्या दारात काय मागायचं

*ग्रामपंचायत.* पहिलं दार हेच. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात काम नसेल तर वित्त आयोगाचा पैसा त्यावर पडत नाही. १५व्या वित्त आयोगात ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के अबंधित. १ एप्रिल २०२६ पासून १६व्या आयोगाचा काळ धरला जातो, त्यामुळे सध्याच्या अटी भाऊसाहेबांकडून विचारून घ्या. डोकं इथे चालवायचं: तुमची टाकी ‘वणव्याची टाकी’ म्हणून मांडलीत तर अबंधित निधीत रस्ता-गटारांशी भांडावं लागेल. पाणीपुरवठ्याच्या जादा साठवणुकीची टाकी म्हणून मांडलीत आणि तिला खाली मोठ्या व्यासाचा एक नळ ठेवलात, तर तीच टाकी फेब्रुवारीत पंप भरायला मिळते. यात खोटं काही नाही; उन्हाळ्यात त्या वाडीला पाणी लागतंच.

*रोजगार हमी.* जाळरेषा हे मजुरीचं काम, म्हणून सगळ्यांना आधी हीच आठवते. कागदावर बरोबर आहे. पण महाराष्ट्रात २०२५-२६ चा मनरेगाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता आणि कोकणात बागेतल्या कामाला गडी त्याच्या जवळपास दुप्पट मागतो. हजेरीपटावर नावं भरण्याएवढी माणसं मिळणार का, हे आधी वाडीत विचारा. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केलाय. कामांची यादी आणि निधीची वाटणी दोन्ही बदलतात. पंचायत समितीतल्या रोजगार हमी कक्षात चालू यादी बघितल्याशिवाय अर्ज लिहू नका. माझं मत विचाराल तर शेततळं, दगडी गडगा, बांधबंदिस्ती अशी टिकणारी कामं इथे मागावीत, गवत कापणं नाही.

*वनविभाग.* जागा वनाची असेल किंवा वनाला लागून असेल तरच. चिपळूण, सावंतवाडी, रोहा, अलिबाग ही आपली वनविभागाची मुख्य कार्यालयं, पण तुम्हाला भेटायचंय ते तुमच्या परिक्षेत्राच्या वनक्षेत्रपालांना, म्हणजे आरएफओंना. त्यांच्याकडे भरपाई वनीकरणाचा ‘कॅम्पा’ निधी, वणवा योजनेचा हिस्सा आणि हंगामी अग्निरक्षकांची तरतूद असते. वनविभागाचा वणवा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. जाळरेषा त्याआधी संपवायच्या असतात, म्हणजे त्यांची आखणी पावसाळ्यातच होते. तुम्ही ‘पैसे द्या’ म्हणू नका. ‘साहेब, तुमच्या आराखड्यात आमच्या हद्दीची जाळरेषा घ्या, समिती माणसं देईल’ असं म्हणा. गावातला पोरगा अग्निरक्षक म्हणून चार महिने लागला तर तो टाकीपेक्षा मोठा फायदा आहे. वनसमिती चांगली चालली तर संत तुकाराम वनग्राम योजनेत बक्षिसाची रक्कमही मिळते, आणि ती समितीच्या खात्यात येते.

*कृषी विभाग.* ग्रास कटर आणि फवारणी पंपासाठी महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं अनुदानाच्या अर्जांचं संकेतस्थळ. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान, ठरलेल्या कमाल रकमेच्या मर्यादेत. शेतकरी ओळख क्रमांक आधी काढून ठेवा. यंत्र ‘ब्रश कटर’ या नावाने शोधा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्वसंमती येण्याआधी यंत्र विकत घेऊ नका. दुकानदार म्हणेल, ‘आत्ता न्या, बिल नंतर करू.’ ऐकू नका, अनुदान त्यातच अडकतं. वाडीत पाच घरांनी स्वतंत्र अर्ज केले आणि दोघांना जरी मंजुरी आली तरी ती यंत्रं फिरवून वापरता येतात. तसं आधी ठरवून लिहून ठेवा, नाहीतर तेल कुणी घालायचं यावरून नाती बिघडतात.

*जिल्हा नियोजन आणि लोकप्रतिनिधी.* जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती ठरवते. त्यात नावीन्यपूर्ण योजना असं एक शीर्ष असतं, आणि ब्लोअर, पंप, फिरती टाकी असलं साहित्य तिथे बसू शकतं. मात्र एखाद्या सरकारी खात्याने कार्यान्वयीन यंत्रणा म्हणून पुढे यायला हवं. एकटी वाडी तिथे काही करू शकत नाही. एका वाडीपेक्षा दहा-बारा गावांनी मिळून एकच मागणी केली तर ती बैठकीपर्यंत पोचण्याची शक्यता वाढते. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, आणि त्यातून फक्त सार्वजनिक वापराची टिकाऊ मालमत्ता उभी करता येते. आमदार निधीकडेही टाकीसारखंच काम घेऊन जा. मजुरी, डिझेल, मानधन यांतून मिळत नाही, मागूही नका. शिफारसपत्र मिळालं म्हणजे काम झालं असं समजून सत्काराला नारळ आणू नका. मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून येते आणि तिचा पाठपुरावा तुम्हालाच करायचा असतो.

*आपत्ती व्यवस्थापन.* जिल्हाधिकारी कार्यालयातला जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष बहुतेकांना फक्त वादळ-पुरात आठवतो. आग हीसुद्धा केंद्राच्या आपत्तीच्या यादीत आहे, आणि १५व्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के भाग आपत्ती येण्याआधीच्या उपायांसाठी वेगळा काढला. छोट्या वाडीला यातून थेट बांधकाम मिळणं कठीण. प्रशिक्षण मागा. गावात १२ दिवसांचं प्रशिक्षण घेतलेला कुणी आपदा मित्र असेल तर त्याला बैठकीला बोलवा, त्याच्या ओळखीने कक्षापर्यंत पोचायला सोपं जातं.

*कंपन्या.* निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ मत्ता ५०० कोटी, यांतलं एकही ओलांडलं की कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पर्यावरण आणि आपत्ती व्यवस्थापन दोन्ही आहेत, त्यामुळे वणवा नक्की बसतो. थळ, डोलवी, लोटे, जयगड, रत्नागिरी इथल्या उद्योगांच्या आसपासच्या गावांना आधी संधी, कारण कायदाच स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. लांबच्या वाडीने अनुभवी संस्थेला पुढे करून जावं. कंपनीच्या माणसाला एका वर्षात दाखवता येईल असं काही हवं असतं. यंत्रांचा संच, टाकी, प्रशिक्षणाचे दिवस, जाळरेषेचे किलोमीटर: असं मोजता येणारं लिहा.

*आपली माणसं.* दर वर्षीच्या साफसफाईला वरच्या कुठल्याच दारातून भरवशाचा पैसा येत नाही. ती मजुरी वर्गणीतूनच उभी राहते. बंद घरांची यादी घेऊन मुंबईच्या मंडळाच्या बैठकीला जा आणि प्रत्येक घरामागे अंगण साफ करण्याचा खर्च सांगा. ‘गावासाठी काहीतरी द्या’ यापेक्षा ‘तुमच्या घराभोवतीचं गवत’ याला हात लवकर खिशात जातो. दापोली, खेड, श्रीवर्धन पट्ट्यातली बरीच घरं आखातात आहेत. तिथल्या माणसाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या कमाईतले, बँकेतून आलेले असतील, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय त्याचे पैसे मात्र संस्थेच्या खात्यात घेऊ नका. त्याला परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते, आणि ती भानगड वाडीच्या आवाक्यातली नाही.

तारांच्या ठिणगीसाठी निधी मागायची गरजच नाही. वीज कंपनीच्या उपविभागाला खांबांचे क्रमांक लिहून अर्ज द्या: सैल तारा ओढणे, फांद्या तोडणे, तारांमध्ये स्पेसर बसवणे. पोच घ्या. पुढे आग लागलीच तर त्या पोचेचा आणि विद्युत निरीक्षकांच्या अहवालाचा भरपाईच्या वेळी उपयोग होतो.

अर्जाचा मजकूर

अर्ज दोन पानांच्या वर नेऊ नका. सुरुवात अशी करता येईल:

‘विषय: मौजे अमुक, तमुकवाडी येथे पाणी साठवण टाकी बांधणेबाबत. महोदय, आमच्या वाडीत ६० घरे असून पश्चिमेस सुमारे ४० हेक्टर गवताळ सडा आहे. मागील तीन वर्षांत येथे पाच वेळा आग लागली (तक्ता व पंचनाम्याच्या प्रती सोबत). आग विझवण्यासाठी जवळचे पाणी दीड किलोमीटरवर आहे. गट क्रमांक अमुक ही जागा ग्रामपंचायतीच्या नावे असून तेथे टाकी बांधण्याचा ठराव ग्रामसभेने मंजूर केला आहे. टाकीची देखभाल ग्रामपंचायत करील.’

आकडे अर्थातच तुमचे घाला. शेवटचं वाक्य गाळू नका; देखभाल कोण करणार हे न लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. सोबत ठराव, सातबारा आणि आठ-अ, हाताने काढलेला का होईना पण नकाशा, आगीचा तक्ता, चार फोटो, आणि अंदाजपत्रक. बांधकाम असेल तर अंदाजपत्रक जिल्हा परिषदेच्या शाखा अभियंत्यांकडूनच करून घ्या, कारण तांत्रिक मान्यता त्यांच्या साहेबांकडून येणार आहे आणि ती सरकारी दरसूचीवरच मिळते. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, मग कार्यादेश. कार्यादेश हातात पडेपर्यंत चिरा उतरवू नका.

प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. फाईल कुठल्या टेबलावर आहे हे विचारायला जाताना तो क्रमांकच तुमची ओळख.

वेळ चुकली तर वर्ष गेलं

सरकारी वर्ष मार्चला संपतं, म्हणून पैसा मार्चमध्ये सुटतो. सडा तोपर्यंत जळून काळा झालेला असतो. यावर उपाय एकच, पुढच्या हंगामाचं आत्ता मागायचं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव करा. सप्टेंबरात वनक्षेत्रपाल आणि कृषी सहायक यांना भेटा. २ ऑक्टोबरपासून ग्रामपंचायत आराखड्याची बांधणी सुरू होते, तेव्हा काम त्यात शिरलं पाहिजे. जिल्हा नियोजनाकडे दिवाळीच्या आसपास. कंपन्यांकडे जानेवारी-फेब्रुवारीत, पुढच्या आर्थिक वर्षासाठी. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात, कुठलाही निधी आला नसला तरी, वर्गणीतून पश्चिमेची जाळरेषा काढून टाका. पहिल्या वर्षी बहुधा एवढंच हातात पडतं. हरकत नाही, त्याच कामाचे फोटो पुढच्या अर्जांना लागतात.

पैसे आल्यावर

वेगळं बँक खातं किंवा निदान वेगळी खतावणी. काम सुरू होण्याआधी, चालू असताना आणि झाल्यावर, एकाच जागी उभं राहून काढलेले फोटो, तारीख आणि ठिकाण दिसेल असे. मजुरांच्या सह्यांची यादी. दुकानाचं जीएसटी बिल. कच्ची पावती चालत नाही. उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत द्या, कारण ते थकलं की पुढचा हप्ता आणि पुढच्या वर्षाचा अर्ज दोन्ही अडतात. यंत्रं कुणाच्या ताब्यात आहेत त्याची नोंदवही ठेवा, आणि पावसाळ्यानंतर पंपांचे वॉशर बदलून घ्या. चार महिने पडून राहिलेला पंप ऐन वेळी दाबच धरत नाही.

वाडीच्या फलकावर तीन क्रमांक मोठ्या अक्षरात लावा: वनविभागाचा १९२६, आपत्कालीन ११२, आणि तुमच्या तालुक्याच्या जवळच्या अग्निशमन बंबाचा. कोकणात तो बंब बहुतेक वेळा नगरपरिषदेचा किंवा औद्योगिक वसाहतीचा असतो, आणि वाडीच्या पाणंदीत शिरत नाही. तो कुठपर्यंत येऊ शकतो ती जागा आधीच बघून ठेवा, आणि टाकीची जागा ठरवताना तिथपासूनचं अंतर मोजा.